ऋण विवेचकाच्या पुढे काय? वर्गसमीकरणं आणि संमिश्र संख्या शिकवण्याविषयी

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो. मुलं सूत्रानं वर्गसमीकरणं बिनचूक सोडवतात. विवेचक (सूत्रात वर्गमुळाच्या चिन्हाखाली येणारी संख्या) ऋण आला की ‘मूळ नाही’ असं लिहून पुढच्या गणिताकडे वळतात. पुढच्या वर्षी त्याच समीकरणाला दोन मुळं आहेत असं आपण सांगतो, आणि मग ती विचारतात: आधी शिकवलं ते चूक होतं का, या संख्या असतात कुठे, आणि त्या हव्यात कशाला? यावर काय सांगावं, क्रम कोणता ठेवावा आणि किती खोलात जावं, हे तुम्ही विचारलं आहे.

हे दोन्ही धडे अनेक वर्षं शिकवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. संमिश्र संख्यांच्या धड्यात जी अडचण दिसते, ती तिथे तयार झालेली नसते. ती वर्गसमीकरणाच्या धड्यात तयार होते. मुळं म्हणजे सूत्रातून बाहेर पडणारे दोन आकडे, एवढीच ओळख घेऊन मूल पुढे आलं, तर वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या दिसल्यावर त्याच्या हाती धरायला काही उरत नाही. मुळं म्हणजे एक मध्य आणि त्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर, अशी ओळख असेल तर विवेचक ऋण झाल्यावरही मध्य जागेवरच राहतो. अडतं ते फक्त अंतराच्या वर्गापाशी. प्रश्न नेमका होतो, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

(लिहिण्याची सोय म्हणून: अज्ञात संख्या क्ष, सहगुणक अ, ब, क, आणि जिचा वर्ग −१ आहे ती संख्या ‘इ’. म + न·इ ही संमिश्र संख्या; म तिचा वास्तव भाग, न कल्पित भाग.)

पहिली दुरुस्ती अगदी छोटी आहे आणि ती संमिश्र संख्यांच्या कितीतरी आधी करायची आहे. ‘या समीकरणाला उत्तर नाही’ हे वाक्य वर्गात अर्धवट राहू द्यायचं नाही. कोणत्या संख्यांमध्ये उत्तर नाही? क्ष + ५ = ३ ला नैसर्गिक संख्यांत उत्तर नाही, २क्ष = ३ ला पूर्णांकांत नाही, क्ष² = २ ला परिमेय संख्यांत नाही, क्ष² = −१ ला वास्तव संख्यांत नाही. ही सवय आधीपासून लावली की पुढच्या वर्षी कोणतंच विधान मागे घ्यावं लागत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणिता’त लिहून ठेवलं आहे: ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नाही. हा चरण मी फळ्यावर लिहिते. मुलांनी काढलेला निष्कर्ष तोच असतो, आणि वास्तव संख्यांपुरता तो आजही पूर्ण खरा आहे. आधी शिकवलेलं चूक होतं का, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

आता वर्गसमीकरणाकडे. अवयव पाडण्यावर आपण फार वेळ घालवतो असं मला वाटतं. पुस्तकातली उदाहरणं अवयव पडतील अशीच निवडलेली असतात. सहगुणक मनाला येतील तसे घेतले तर सोपे पूर्णांक अवयव क्वचितच पडतात. अवयवांतून शिकण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे: दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली निदान एक शून्य असते. ती नीट ठसली आहे का, हे पाहायला (क्ष − २)(क्ष − ३) = २ हे समीकरण द्या. बरीच मुलं क्ष − २ = २ आणि क्ष − ३ = २ असं लिहितील. त्यांना रागावू नका; ४ आणि ५ मूळ समीकरणात घालायला सांगा. ४ घातल्यावर डावी बाजू २ येते, म्हणजे ते बरोबर ठरतं. ५ घातल्यावर ६ येते. एक उत्तर योगायोगानं बरोबर आलं, दुसरं चुकलं, आणि खरं दुसरं उत्तर १ हातातून निसटलं. शून्याचं वैशिष्ट्य काय, यावर नंतर होणारी चर्चा अवयवांच्या वीस उदाहरणांपेक्षा जास्त उपयोगी पडते. तसंच क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष नं भागून एक मूळ गमावण्याची चूक. ही दोन उदाहरणं झाली की मी अवयवांमधून पुढे निघते.

पुढची पायरी, मध्य आणि अंतर, मी सर्वांत सावकाश चढते. दोन संख्यांची बेरीज ८ आणि गुणाकार १५ आहे. बेरीज ८ म्हणजे दोघींचा मध्य ४. तेव्हा एक संख्या ४ + द, दुसरी ४ − द. गुणाकार १६ − द² = १५, म्हणून द² = १, आणि संख्या ५ व ३. आता बेरीज ६, गुणाकार ७ घ्या. मध्य ३; ९ − द² = ७; द² = २; संख्या ३ + √२ आणि ३ − √२. अवयव शोधत बसलेलं मूल इथे अडकतं, या रीतीला मात्र दोन्ही उदाहरणं सारखीच. बेरजेचा अर्धा आणि फरकाचा अर्धा घेऊन अशी कोडी सोडवण्याची रीत इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर सापडते. म्हणजे सूत्राच्या फार आधीची ही कल्पना आहे आणि मुलांना ती सूत्राच्या आधीच मिळायला हवी.

मग तिसरं उदाहरण: बेरीज १०, गुणाकार ४०. मध्य ५; २५ − द² = ४०; द² = −१५. इथे थांबा. काही सांगू नका. वर्गाला बोलू द्या. कोणीतरी म्हणेलच की बेरीज १० असेल तर गुणाकार २५ च्या वर जाऊच शकत नाही. ते बरोबर आहे, आणि २५ − द² या रूपातून त्याचं कारणही दिसतं. हेच कोडं कार्डानो या इटालियन गणितज्ञानं १५४५ मध्ये छापलं होतं. त्यानं ५ + √−१५ आणि ५ − √−१५ लिहिलं, गुणाकार ४० येतो हे करून दाखवलं, आणि हे सगळं जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी आहे असा शेराही मारला. पहिल्या वर्षी हा प्रसंग सांगून मी पुढे जाते. उत्तर देण्याची घाई करत नाही. प्रश्न वर्षभर मुरू द्यावा.

सूत्र याच रीतीतून काढून घ्या. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० च्या मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ, हे (क्ष − प)(क्ष − फ) विस्तारून दिसतं. म्हणून मध्य −ब/२अ, आणि

द² = (ब/२अ)² − क/अ = (ब² − ४अक)/४अ²

एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारेल की मुळं आहेत असं आपण आधीच गृहीत धरलं का? शाबासकी द्या आणि सांगा की उलट दिशेनं पाहा: ही बेरीज आणि हा गुणाकार असलेल्या दोन संख्या सापडल्या, की अवयव आपोआप पडतात. आधी गृहीत धरायची गरज राहत नाही.

विवेचकाचा अर्थ आता उघड होतो. दोन मुळांमधलं अंतर २द, त्याचा वर्ग ४द², आणि त्याला अ² नं गुणलं की विवेचक. विवेचक म्हणजे मुळांच्या फरकाच्या वर्गाची पट. शून्य असेल तर मुळं एकमेकांवर बसलेली, धन असेल तर अलग, आणि ऋण असेल तर त्यांच्या फरकाचा वर्ग ऋण. एवढं कळलेल्या मुलाला विवेचकाच्या तीन ओळी पाठ कराव्या लागत नाहीत.

पूर्ण वर्ग करण्याची रीतही दाखवावी, पण अपूर्णांकांच्या चिखलात न शिरता. श्रीधराचार्यांची रीत, जी भास्कराचार्यांनी नोंदवून ठेवली आहे, इथे फार सुटसुटीत पडते: दोन्ही बाजूंना ४अ नं गुणा आणि ब² मिळवा. ३क्ष² + ५क्ष − २ = ० साठी १२ नं गुणून ३६क्ष² + ६०क्ष = २४, मग २५ मिळवून (६क्ष + ५)² = ४९. म्हणून ६क्ष = २ किंवा −१२, आणि क्ष = १/३ किंवा −२. शेवटच्या टप्प्यापर्यंत अपूर्णांक येत नाही.

आलेख याच वेळी हवा. क्ष² − २क्ष + क असं आलेखांचं एकच घराणं घ्या आणि फक्त क बदलत जा. क = −३ असताना मुळं −१ आणि ३. क = ० असताना ० आणि २. क = १ असताना दोन्ही १ वर. अन्वस्त, म्हणजे आलेखाची वाटीसारखी वक्ररेषा, वर सरकतं, मुळं अक्षावरून एकमेकांकडे येतात आणि १ पाशी भेटतात. पहिल्या वर्षी इथे थांबायचं. दुसऱ्या वर्षी, संमिश्र संख्यांचं प्रतल, म्हणजे म + न·इ ला (म, न) हा बिंदू मानणारं चित्र, हाती आल्यावर, तीच मालिका पुढे चालवायची: क = २ ला मुळं १ ± इ, क = ५ ला १ ± २इ, क = १० ला १ ± ३इ. मुळं नाहीशी झालेली नाहीत. भेटल्यावर ती काटकोनात वळली, एक वर गेलं आणि एक खाली. संगणकावर क ची घसरपट्टी ओढून हे हलताना दाखवता आलं तर उत्तमच, पण आलेख कागदावर पाच-सहा बिंदू काढूनही वर्गात शांतता पसरते. ‘या संख्या असतात कुठे’ या प्रश्नाला मी दिलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत चांगलं ठरलं आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट जरूर शिकवा, कारण पुस्तकांत ती फारशी नसते. अक्षाला न भेटणाऱ्या अन्वस्ताची संमिश्र मुळं आलेखावरून थेट वाचता येतात. य = क्ष² − २क्ष + ५ चा शिरोबिंदू, म्हणजे सर्वांत खालचा बिंदू, (१, ४). त्याच्या दुप्पट उंचीवर, म्हणजे य = ८ वर, आडवी रेषा ओढा. ती अन्वस्ताला −१ आणि ३ वर छेदते, म्हणजे मध्यापासून २ अंतरावर. मुळं १ ± २इ. मध्य हा वास्तव भाग, आणि दुप्पट उंचीवरची अर्धी रुंदी हा कल्पित भाग. कारण सोपं आहे: य = अ(क्ष − म)² + उ (म मध्य, उ शिरोबिंदूची उंची) असेल तर मुळांसाठी (क्ष − म)² = −उ/अ, आणि दुप्पट उंचीवर (क्ष − म)² = उ/अ. दोहोंत फक्त चिन्हाचा फरक. शिरोबिंदूपाशी आरसा ठेवून अन्वस्त उलटं केलं तरी तेच बिंदू मिळतात.

आता खरा अवघड भाग: वर्ग −१ असणारी संख्या मानायचीच का? ‘क्ष² + १ = ० ला उत्तर हवं म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही आणि हुशार मुलं ते स्वीकारत नाहीत; त्यांनी स्वीकारूही नये. उत्तर नसलेल्या प्रत्येक समीकरणासाठी नवी संख्या काढायची असेल तर ०·क्ष = १ साठी का नाही? हा प्रश्न वर्गातून आला नाही तर तुम्हीच विचारा. समजा अशी संख्या आहे आणि जुने नियम पाळते. मग ०·क्ष = (० + ०)·क्ष = ०·क्ष + ०·क्ष, म्हणजे १ = २. सगळं अंकगणित कोसळतं. ‘इ’ आणल्यावर तसं होत नाही. १८३७ मध्ये हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञानं संमिश्र संख्या म्हणजे वास्तव संख्यांच्या जोड्या अशी मांडणी करून दाखवली: (म, न) आणि (प, फ) यांचा गुणाकार (मप − नफ, मफ + नप). यात गूढ काही नाही, आणि बेरीज-गुणाकाराचे नेहमीचे नियम पाळले जातात हे मुलं स्वतः तपासू शकतात. (०, १) चा या नियमानं वर्ग करा, (−१, ०) येतं.

पण काही सोडावंही लागतं, आणि ते लपवू नये. लहान-मोठेपणाचा क्रम जातो. इ धन मानली तर इ² धन व्हायला हवं, म्हणजे −१ धन. इ ऋण मानली तर −इ धन, आणि (−इ)² म्हणजे पुन्हा −१ धन. म्हणून ३ + २इ मोठी की १ + इ, या प्रश्नाला अर्थच नाही. दुसरी गमावलेली गोष्ट म्हणजे √म × √न = √(मन) हा नियम. √−१ × √−१ एका हिशेबानं −१, दुसऱ्या हिशेबानं √१ = १. यावर मी एक शिस्त लावते: वर्गमुळाखाली ऋण संख्या दिसली की सर्वांत आधी इ बाहेर काढायची, मगच बाकीचं. √−४ × √−९ = २इ × ३इ = −६. सहा नव्हे. ही शिस्त पहिल्याच दिवशी लागली नाही तर पुढे महिनोन्‌महिने चुका होत राहतात.

नियम मोडत नाहीत, हे झालं. पण नवं काय मिळतं? इथे इतिहास मदतीला येतो, आणि तो वर्गसमीकरणातून येत नाही. तो घन समीकरणातून येतो. माझा आग्रह आहे की यासाठी एक पूर्ण तास द्यावा, परीक्षेत नसलं तरी. क्ष³ = ६क्ष + ९ घ्या. क्ष = प + त असं लिहा. घन विस्तारला की क्ष³ = ३पत·क्ष + (प³ + त³). म्हणून ३पत = ६ आणि प³ + त³ = ९ असलेले प, त मिळाले की काम झालं. पत = २, म्हणजे प³ आणि त³ यांचा गुणाकार ८, बेरीज ९. हे तर मध्य आणि अंतराचं आपलंच कोडं! त्या संख्या ८ आणि १; प = २, त = १, क्ष = ३. ताळा: २७ = १८ + ९.

आता क्ष³ = १५क्ष + ४. पत = ५, म्हणून प³ आणि त³ यांची बेरीज ४, गुणाकार १२५. मध्य २; ४ − द² = १२५; द² = −१२१. संख्या २ + ११इ आणि २ − ११इ. वर्ग म्हणेल, उत्तर नाही. तेव्हा विचारा: क्ष = ४ घालून पाहिलंत का? ६४ = ६० + ४. साधं, पूर्णांक उत्तर समोर आहे आणि रीत म्हणते की वाट ऋण संख्येच्या वर्गमुळातून जाते. १५७२ मध्ये बोम्बेल्ली या इटालियन गणितज्ञानं इथे माघार घेतली नाही. त्यानं दाखवलं की २ + इ चा घन केला तर

८ + १२इ − ६ − इ = २ + ११इ

म्हणजे प = २ + इ, त = २ − इ, त्यांचा गुणाकार ५, आणि बेरीज ४. कल्पित भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि खरं, तपासता येणारं उत्तर हाती राहतं. बाकीची दोन मुळं −२ + √३ आणि −२ − √३, तीही वास्तव. तिन्ही मुळं वास्तव असलेल्या समीकरणाला सोडवायला वाट संमिश्र संख्यांतून गेली. आणि हा या एका रीतीचा दोष नाही: क्ष³ = ३क्ष + १ सारखी, तिन्ही मुळं वास्तव पण एकही परिमेय नसलेली घन समीकरणं फक्त वास्तव संख्यांची मुळं काढत सोडवताच येत नाहीत, हे नंतर सिद्ध झालं. कार्डानोला निरुपयोगी वाटलेली गोष्ट अवघ्या २७ वर्षांत उपयोगी ठरली. मुलांना हे पटतं, कारण ४ हे उत्तर त्यांनी स्वतः ताडून पाहिलेलं असतं. कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

दुसरं कारण भूमितीचं. −१ नं गुणणं म्हणजे संख्यारेषेला अर्धा फेरा देणं. मग विचारा, जी क्रिया दोनदा केल्यावर अर्धा फेरा होतो ती कोणती? पाव फेरा हे उत्तर वर्गातूनच येतं, आणि त्यासाठी रेषा सोडून प्रतलात यावं लागतं. वेसेलनं १७९७ मध्ये आणि आर्गाँनं १८०६ मध्ये हे चित्र मांडलं. इ नं गुणल्यावर (म, न) हा बिंदू (−न, म) वर जातो. एखादा त्रिकोण घेऊन मुलांनी स्वतः आलेख कागदावर करून पाहावं. मग २ + इ नं गुणलं तर काय? १ जातो २ + इ वर, इ जातो −१ + २इ वर, आणि ही दुसरी जागा म्हणजे पहिलीलाच पाव फेरा दिलेली. म्हणून सगळी चौकटच्या चौकट तेवढ्याच कोनातून फिरते आणि तेवढ्याच पटीनं ताणली जाते. त्रिकोणमितीचं एकही सूत्र न वापरता गुणाकाराचा अर्थ हाती लागतो. आता बोम्बेल्लीकडे परत: १, २ + इ, ३ + ४इ, २ + ११इ हे बिंदू काढा. कोन ०, सुमारे २६.६, ५३.१, ७९.७ अंश. घनमूळ काढणं म्हणजे कोनाचे तीन भाग करणं, हे डोळ्यांना दिसतं. कोनाच्या पटीतून घात काढण्याचं डी मॉयव्हरचं सूत्र पुढे केव्हाही येऊ दे. त्याची जागा तयार झालेली असते.

वाटेत ३ + ४इ दिसलं आहेच. त्याची लांबी, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, ५. म आणि न वेगवेगळे धन पूर्णांक घेऊन म + न·इ चा वर्ग करा, पायथागोरसचं त्रिकूट मिळतं: (३ + २इ)² = ५ + १२इ, (४ + इ)² = १५ + ८इ. हा शोध मुलांना घरी करू द्या.

संयुग्मी मुळं (म + न·इ आणि म − न·इ) जोडीनं का येतात, याचं सूत्रातलं ± हे कारण बरोबर आहे, पण खोलवरचं कारण सांगायला विसरू नका. इ आणि −इ या दोन्हींचा वर्ग −१. ज्या समीकरणात फक्त वास्तव सहगुणक आहेत त्याला या दोघींतला फरक कळण्याचा काही मार्गच नाही. एक चालली तर दुसरीही चाललीच पाहिजे. म्हणूनच सहगुणक वास्तव नसले की जोडी मोडते: क्ष² − ३इ·क्ष − २ = ० ची मुळं इ आणि २इ. हे प्रतिउदाहरण दिलं नाही तर मुलं ‘मुळं नेहमी जोडीनं’ असा चुकीचा नियम घेऊन जातात.

आणि एक प्रश्न हमखास येतो: मग √इ साठी आणखी नवी संख्या लागणार का? नाही. (१ + इ)/√२ चा वर्ग करा, इ येते. आठव्या हिश्श्याचा फेरा दोनदा दिला की पाव फेरा. बहुपदीत संमिश्र सहगुणक घेतले तरी तिची मुळं याच प्रतलात सापडतात. संख्या वाढवत जाण्याची गरज इथे संपते. सिद्धता या वयात नको, पण विधान स्पष्ट सांगा.

उपयोगाबद्दल. विजेच्या प्रवाहाचं उदाहरण सगळे देतात, पण शाळेतल्या मुलाला ते ऐकीव वाटतं. मी श्रेणीचं उदाहरण देते, कारण ते त्याच तासाला करून पाहता येतं. नियम असा: पुढचं पद = आत्ताचं पद वजा मागचं पद. १, १ पासून सुरुवात करा: १, १, ०, −१, −१, ०, १, १, … दर सहा पावलांनी तेच. का सहा? पदं र, र², र³ अशी वाढतात असं मानून पाहिलं तर र² = र − १, म्हणजे र² − र + १ = ०. विवेचक −३. मुळं (१ ± √३·इ)/२, लांबी १, कोन ६० अंश. साठ अंशांचे सहा फेरे म्हणजे पूर्ण वर्तुळ. विवेचक ऋण असणं म्हणजे गोष्ट फिरून फिरून परत येणं. नियम बदलून ‘आत्ताच्याची दुप्पट वजा मागच्याची दुप्पट’ असा घेतला तर ०, १, २, २, ०, −४, −८, −८, ०, १६ येतं. मुळं १ ± इ, कोन ४५ अंश, म्हणून आठ पावलांनी एक फेरा, आणि तेवढ्यात वाढ √२ च्या आठव्या घाताइतकी, म्हणजे १६ पट. इथून स्प्रिंगच्या झोक्यापर्यंतचं अंतर फार नाही. वस्तुमान, घर्षण आणि स्प्रिंगचा ताठपणा हे तिथल्या वर्गसमीकरणाचे सहगुणक असतात. विवेचक ऋण असेल तर वस्तू झोके घेते, धन असेल तर झोका न घेता थांबते. मुळाचा वास्तव भाग झोके किती लवकर विरतात ते सांगतो, आणि कल्पित भाग ते किती वेगानं होतात ते. कलन न शिकलेल्या मुलांना हे फक्त आलेखावर दाखवा, तेवढं पुरतं.

क्रमाबद्दल मी काय करते ते वर आलंच आहे. पहिल्या वर्षी मध्य-अंतर, सूत्र, सरकतं अन्वस्त, आणि द² = −१५ हा उघडा प्रश्न. दुसऱ्या वर्षी घन समीकरण आधी, मग प्रतल आणि फेरा, आणि बेरीज-वजाबाकी-भागाकाराचा सराव त्यानंतर. बहुतेक पुस्तकं हा सराव सुरुवातीला देतात. अर्थ कळण्याआधी केलेला तो सराव मला वाया गेलेला वेळ वाटतो. भागाकार संयुग्मीनं गुणून का करायचा, हे लांबीच्या वर्गाशी जोडून सांगितलं तर मुलं विसरत नाहीत. ध्रुवीय रूप, म्हणजे लांबी आणि कोनानं संख्या लिहिणं, घाईनं आणू नका.

समजलं की नाही हे पाहायला मी एक प्रश्न नेहमी ठेवते. समीकरण न देता फक्त अन्वस्ताचं चित्र द्यायचं: शिरोबिंदू (३, २), आणि (५, ४) मधून जाणारं. मुळं विचारायची. काही मुलं य = अ(क्ष − ३)² + २ लिहून अ = १/२ काढतात, विस्तार करून क्ष² − ६क्ष + १३ = ० पर्यंत येतात आणि सूत्रानं ३ ± २इ मिळवतात. काहींच्या लक्षात येतं की ४ ही शिरोबिंदूच्या उंचीची दुप्पट आहे, आणि ५ हे ३ पासून २ अंतरावर. ती एका ओळीत उत्तर लिहितात. दोघांनाही पूर्ण गुण द्या, आणि मग दोघांना फळ्यापाशी बोलवून एकमेकांची रीत समजावून घ्यायला सांगा.